ओढ्यास अवचित येणारा लोंढा : पूर्वसूचना व बचाव

महाराष्ट्रातील बहुतेक गावे पाण्याच्या आश्रयाने वसली आहेत. मोठी नदी सर्वांच्याच वाट्यास आली नसली, तरी ओढा, नाला, ओहळ किंवा कोकणातील वहाळ यांपैकी एखादा प्रवाह ज्याच्या शिवारातून जात नाही असे गाव विरळाच. पर्जन्यछायेच्या मुलखात तर हा प्रवाह वर्षाचे आठ-दहा महिने कोरडा किंवा घोट्याएवढ्या पाण्याचा असतो. त्यातून बैलगाडी जाते, मुले शाळेस जातात, गुरे चरतात. काठावर गोठा बांधला जातो आणि पात्रालगत विहीर खोदून तीवर मोटर बसविली जाते. असा हा नित्याच्या ओळखीचा ओढा पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी अर्ध्या तासात पुरुषभर उंचीने वाहू लागतो, आणि ज्यांनी त्यास जन्मभर पाहिले तीच माणसे त्यात सापडतात. परक्या पाण्यास मनुष्य भितो, ओळखीच्या पाण्यास भीत नाही. ओढ्याच्या पुरातील खरी अडचण हीच होय.

मोठ्या नदीचा महापूर आणि ओढ्याचा लोंढा या निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यास एकीचा अनुभव दुसरीस लावला जातो आणि फसगत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांस आलेल्या महापुराचे पाणी कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत दिवसेंदिवस चढत गेले आणि लवकर ओसरले नाही. त्यात अपार हानी झाली. तथापि अशा नदीची पातळी मोजण्याची व्यवस्था असते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशाऱ्याची व ४३ फूट ही धोक्याची पातळी, तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी तीच अनुक्रमे ४० व ४५ फूट, हे आकडे तेथील शाळकरी मुलांसही पाठ असतात. पाणी किती फुटांवर आले ते वेळोवेळी जाहीर होते, आणि घर सोडण्यास बहुधा काही तास, कधी एखादा दिवसही मिळतो. ओढ्याच्या बाबतीत असे काहीच नाही. त्यावर मोजपट्टी नाही, त्याची नोंद ठेवणारा कोणी नाही, पुष्कळदा त्यास धड नावही नसते. पाऊस पडल्यापासून साधारणतः सहा तासांच्या आत येणाऱ्या पुरास हवामानशास्त्रात आकस्मिक पूर म्हणतात. पाच-सहा किलोमीटर लांबीच्या डोंगरी ओढ्यास मात्र सहा तास लागत नाहीत. माथ्यावरील सरीचे पाणी गावच्या फरशीपर्यंत पोचण्यास तेथे अर्धा-पाऊण तास पुरतो.

पाऊस वर, पाणी खाली

२५ सप्टेंबर २०१९ रोजी, उत्तरा नक्षत्र सरत आले असताना, पुणे शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरपट्ट्यात रात्री जोरदार पाऊस झाला. तिकडून येणारा आंबिल ओढा शहराच्या वस्तीतून वाहत जाऊन मुठा नदीस मिळतो. एरवी सांडपाण्याचा नाला यापलीकडे ज्याची कोणी दखल घेत नव्हते, त्या ओढ्याने त्या रात्री काठच्या वसाहतींच्या भिंती पाडल्या, मोटारी एकमेकींवर रचल्या आणि घरांत असलेल्या लोकांस बाहेर पडण्यास अवसर दिला नाही. त्याच रात्री पुणे-सातारा रस्त्यावरील खेड शिवापूर येथे दर्ग्यात झोपलेली माणसे वाहून गेली. पुरंदर तालुक्यातून येणाऱ्या कऱ्हा नदीस मोठा पूर आला आणि खाली बारामतीस नदीकाठच्या हजारो लोकांस हलवावे लागले. शहर व जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे आणि कित्येक जनावरे दगावली.

ज्या ठिकाणी माणसे वाहून जातात त्याच ठिकाणी ढग फुटलेला असतो असे नव्हे. गावात भुरभुर पाऊस असतो, कधी आकाशही उघडलेले असते, आणि तरीही लोंढा येतो. कारण तो वरच्या शिवारातील पावसाचा असतो. यासाठी आपल्या डोक्यावरचा पाऊस पाहण्यापेक्षा ओढ्याच्या उगमाकडील आकाश पाहणे अधिक उपयोगाचे असते. डोंगरमाथा काळ्या ढगाने झाकला आहे, तिकडे विजा सतत चमकत आहेत आणि तो देखावा अर्धा तास हलत नाही, असे दिसल्यास खाली पाऊस नसला तरी ओढ्यापासून दूर व्हावे.

पाऊस किती विषम पडतो याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तर कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात, परस्परांपासून पंचवीसेक किलोमीटरच्या आत आहेत. शहरात हे घडते, तर एका महसूल मंडळातील दहा-वीस गावांत घडणे नवलाचे नाही. राज्यात आता मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत व त्यांचा मोठा उपयोग होतो. परंतु ज्या कड्यावरून आपला ओढा निघतो त्या कड्यावर केंद्र असेलच असे नाही.

पाण्याचे गणित

शेतकरी पाऊस चोवीस तासांच्या हिशेबाने मोजतो. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ हीच मोजणीची रीत आहे, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे महसुली भाषेत ती अतिवृष्टी ठरते. पिकाच्या व नुकसानीच्या हिशेबास हे ठीक आहे. लोंढ्याच्या हिशेबास मात्र दिवसाचा आकडा कामाचा नाही. सत्तर मिलिमीटर पाऊस रात्रंदिवस झिमझिम पडला तर जमिनीत मुरतो, विहिरींस पाझर फुटतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. तेवढाच पाऊस तासाभरात कोसळला तर त्यातील थोडाच मुरतो, उरलेला धावत सुटतो. म्हणून विचारावयाचा प्रश्न ‘किती पडला’ एवढाच नसून ‘किती वेळात पडला’ हा आहे.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटर आहे असे धरू. त्यावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लक्ष घनमीटर, म्हणजे ५० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील निम्मेच वाहिले आणि तेही तासाभरात समान वाटून आले असे मानले, तरी फरशीवरून दर सेकंदास सुमारे ७० घनमीटर पाणी जाईल. धरणाच्या भाषेत हा विसर्ग जवळजवळ अडीच हजार क्यूसेक झाला. धरणातून अडीच हजार क्यूसेक सोडावयाचे तर नदीकाठच्या गावांस आधी सूचना जाते. ओढा तेवढेच पाणी कोणास न विचारता सोडतो.

निम्मे पाणी वाहील की पाऊणपट, हे जमिनीच्या स्थितीवर अवलंबून असते. उन्हाळ्यानंतर भेगाळलेली काळी रेगूर पहिले पाऊस पिऊन टाकते. तीच जमीन भाद्रपदात फुगून भेगा मिटल्या म्हणजे पाणी फारसे आत घेत नाही. मुरमाड उतारावर मातीचा थरच जेमतेम वीतभर असतो. तो भरला की खाली काळा पाषाण लागतो आणि पडलेले सारे पाणी वाहू लागते. सलग तीन-चार दिवस पाऊस झाल्यावर आलेली जोरदार सर अधिक धोक्याची असते ती यामुळेच. परतीच्या पावसात, हस्त व चित्रा नक्षत्रांच्या सुमारास, ढग दुपारनंतर चढतात आणि सायंकाळी कोसळतात. नेमकी तीच वेळ शाळा सुटण्याची, गुरे घराकडे वळण्याची आणि सोयाबीन काढणीच्या मजूर स्त्रिया ओढा ओलांडून वस्तीवर परतण्याची असते. ढग चढू लागल्यास मळेवाल्याने मजुरांस तासभर आधी सोडावे. तासाभराच्या कामापायी सायंकाळी सात-आठ स्त्रिया फुगलेल्या ओढ्याकाठी ताटकळत उभ्या राहाव्यात हे कोणत्याही शेतमालकास शोभणारे नाही.

इशाऱ्याची भाषा

भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांत जे शब्द येतात त्यांस ठरीव अर्थ आहे. तो ठाऊक नसल्याने कित्येकदा उलटा बोध होतो. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार पाऊस’ असे वाक्य ऐकले की अनेक लोक ‘तुरळक’ या शब्दावर निश्चिंत होतात. परंतु तुरळक हा शब्द पावसाच्या जोराविषयी नसून जागांविषयी आहे. जिल्ह्यातील मोजणीच्या शंभर ठिकाणांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी हा पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. ज्या ठिकाणी होईल तेथे तो दीडशे-दोनशे मिलिमीटर असू शकतो, आणि ते ठिकाण आपल्या ओढ्याचा माथा असू शकते.

रंगांचेही तसेच आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे कृती करा. पिवळ्या रंगाच्या दिवशीही एखाद्या खोऱ्यात लोंढा येऊ शकतो, कारण रंग सबंध जिल्ह्यास दिलेला असतो. जिल्ह्याच्या इशाऱ्यापेक्षा ओढ्याकाठच्या माणसास अधिक जवळची सूचना म्हणजे पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा तात्काळ इशारा. रडारवर ढग दिसल्यावर तो निघतो आणि म्हणून त्यात नेमकेपणा अधिक असतो. यांखेरीज २०२० पासून हवामान विभाग दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शक सूचना तयार करतो. जमीन आधीच किती भिजली आहे आणि आणखी किती पाऊस झाला तर लहान प्रवाह काठ सोडतील, याचा हिशेब तीत असतो. पुढील सहा तासांचा धोका व चोवीस तासांची जोखीम अशा दोन भागांत ती दिली जाते. ती जिल्हा प्रशासनाकडे येते व तेथून तालुक्यास कळविली जाते. मोबाइलवर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतून इशारे येतात, तर विजेची सूचना पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ या ॲपवर मिळते.

ही सारी व्यवस्था फोनवर येऊन थांबते. फोन खिशात बंद असेल, वस्तीवर रेंज नसेल, किंवा संदेश वाचणारे घरात कोणी नसेल, तर पुण्या-मुंबईच्या शास्त्रज्ञांचे श्रम शेवटच्या कोसावर वाया जातात. तो शेवटचा कोस ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा आहे.

गावचा स्वतःचा इशारा

लोंढा वरून येतो, तर सूचनाही वरूनच आली पाहिजे. एकाच ओढ्याच्या काठी वसलेल्या वरच्या गावातील तीन व खालच्या गावातील तीन, अशा सहा माणसांचे फोन क्रमांक एकमेकांजवळ असणे ही सर्वांत स्वस्त पूर्वसूचना होय. वरच्या फरशीवरून पाणी वाहू लागताच तेथील माणसाने खाली कळवावे. पोलीस पाटील, सरपंच, आशा सेविका, दूध संकलन केंद्राचा चालक, माथ्याकडील वाडीवर राहणारा एखादा मेंढपाळ, यांतून माणसे निवडावीत. केवळ पदाधिकारी निवडले तर ते नेमके तालुक्याच्या गावी बैठकीस गेलेले असतात. रात्री फोन उचलणारा माणूस त्यांत असावा. ही साखळी मे महिन्याच्या अखेरीस एकदा प्रत्यक्ष फोन करून तपासावी. बदललेले क्रमांक तेव्हाच कळतात.

वीज व मोबाइल दोन्ही बंद पडण्याची वेळ हीच असते. म्हणून ग्रामपंचायतीचा भोंगा, देवळाची घंटा किंवा हलगी यांपैकी एक साधन ठरवून त्याची खूणही ठरवावी. लग्नाची व पुराची हलगी एकच वाजली तर कोणी उठणार नाही.

वरच्या वाडीवर पाऊस मोजण्यास यंत्रच हवे असे नाही. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून दूर उघड्यावर ठेवावा आणि साचलेले पाणी शाळकरी पट्टीने मोजावे. पट्टीवरील मिलिमीटर हेच पावसाचे मिलिमीटर. अर्ध्या तासात २५ मिलिमीटर भरले की खालच्या गावास फोन करावा, असा आरंभी नियम धरावा आणि एक-दोन पावसाळ्यांच्या अनुभवाने तो कमीअधिक करावा.

फरशीपाशी दोन्ही काठांवर एकेक खांब रोवून त्यावर फुटाच्या खुणा रंगवाव्यात. फरशीच्या पृष्ठभागाची खूण तांबडी असावी व रात्री बॅटरीच्या उजेडात दिसेल अशी जाड असावी. मोरीच्या नळ्यांत अडकलेला पाचोळा, ओंडके, प्लास्टिक व झुडपे पावसाळ्यापूर्वी काढावीत. नळ्या तुंबल्या म्हणजे जे पाणी फरशीखालून गेले असते तेच वरून जाते आणि काठाची माती खणून काढते. हे काम कोणाचे, यावर ग्रामपंचायत व रस्ता बांधणारे खाते यांच्यात वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालतो. श्रमदानाने ते एका सकाळीत होते.

पाणी स्वतःही सूचना देते. संथ वाहणारे निवळ पाणी अकस्मात गढूळ होते; पालापाचोळा, काटक्या व फेस वाहून येतो; ओल्या मातीचा वास सुटतो; वरच्या बाजूने गाडी धडधडत यावी तसा दगड गडगडल्याचा आवाज येतो. यांपैकी काहीही जाणवले तर कपडे, भांडी, बैल, जे काही पात्रात असेल ते तेथेच टाकून काठ चढावा. भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, तर ते शुभ चिन्ह मानू नये. वर दरड किंवा ओंडक्यांनी प्रवाह अडला असण्याचा संभव असतो, आणि तो अडसर फुटला म्हणजे साठलेले पाणी एकदम येते.

ऊसतोडणीसाठी आलेली कुटुंबे आपल्या कोप्या ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत घालतात, मेंढपाळ वाळूच्या पात्रात तळ देतात. त्यांस त्या ओढ्याचा स्वभाव ठाऊक नसतो आणि गावच्या यादीत त्यांचे फोन नसतात. कोप्या पडण्यापूर्वीच त्यांस उंचवट्याची जागा दाखविणे हे गावाचे आणि मुकादमाचे काम आहे.

फरशीवर पाणी असता

फरशीवरून वाहणारे पाणी किती खोल आहे यावरून बहुतेक माणसे अंदाज बांधतात. वेगाचा विचार कोणी करीत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जोराने वाहणारे अर्धा फूट पाणी धडधाकट माणसाचे पाय उखडण्यास पुरे आहे. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. दोन फूट पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. मोटारसायकलस्वाराची गत त्याहून आधी होते. ट्रॅक्टर जड असल्याने तो तरून जाईल ही समजूत घातक आहे. त्याच्या मोठ्या टायरांत हवा असते आणि मागील ट्रॉलीस पाण्याचा रेटा आडवा लागतो. ट्रॉली घसरली की ती ट्रॅक्टरसही खेचते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे किंवा नाही हे दिसत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील मुंबई-गोवा महामार्गाचा पूल पुरात कोसळला व दोन एस.टी. गाड्या आणि अन्य वाहने प्रवाशांसह नदीत गेली. १९२८ साली बांधलेला तो दगडी पूल होता, आणि अंधारात मार्ग खंडित झाल्याचे चालकांस दिसले नाही. महामार्गाच्या पुलाची ही कथा. गावच्या फरशीचा भरवसा कोणी द्यावा?

यास्तव नियम एकच असावा, आणि त्यास अपवाद नसावा. फरशीच्या तांबड्या खुणेवर पाणी आले की फरशी बंद. दोन्ही काठांवर बांबू आडवा टाकून दोन-दोन तरुणांनी उभे राहावे. ‘पाणी थोडेच आहे’, ‘रोजचा रस्ता आहे’, ‘घरी वाट पाहत असतील’ ही तीनही कारणे ऐकून घ्यावीत व माणसास परत पाठवावे. लोंढ्याचे पाणी जसे चढते तसे बहुधा दोन-चार तासांत उतरतेही. फुगलेल्या ओढ्यातून गाडी काढणाऱ्यास आज गावात वाहवा मिळते आणि त्याची चित्रफीत सर्वत्र फिरते. ही वाहवा बंद करणे बांबू टाकण्याइतकेच आवश्यक आहे.

शाळेच्या बाबतीत मुख्याध्यापक व पालक यांनी आधीच ठरवून ठेवावे की, पाणी असेतोवर पलीकडच्या वस्तीवरील मुले शाळेतच राहतील. शाळेत शिधा असतो, छप्पर असते. हा ठराव पालकांस ठाऊक नसला तर बाप मुलास आणावयास निघतो आणि तोच पाण्यात सापडतो.

कोणी प्रवाहात पडल्यास मागोमाग उडी घेऊ नये. एकाचे दोन होतात. जाड दोर, हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब किंवा घट्ट झाकणाचा पाच-दहा लिटरचा रिकामा कॅन दोरास बांधून फेकावा. यांतील एक वस्तू फरशीजवळच्या घरात कायम ठेवलेली असावी. पडणाऱ्याने प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा यत्न न करता उताणे व्हावे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेस ठेवावेत आणि तिरके काठाकडे सरकावे. साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

मोटर, गुरे आणि तलाव

पाणी चढताना शेतकऱ्याचा जीव दोन गोष्टींत अडकतो. मोटर ही त्यांतील पहिली. पंपाची किंमत काही हजारांत असते आणि ती भरून काढता येते. पाण्यात भिजलेल्या स्टार्टरला हात लावणाऱ्यास विजेचा धक्का बसतो, न बसला तर लोंढा गाठतो. आकाश पाहून मोटर दुपारीच काढून घ्यावी किंवा सोडून द्यावी.

गुरांची गोष्ट अधिक कठीण आहे, कारण तेथे केवळ पैशाचा प्रश्न नसतो. दावणीस बांधलेले जनावर पाण्यात दाव्यानेच मरते. सोडलेले जनावर बहुधा स्वतः उंचवटा शोधते. ओढ्याकाठच्या गोठ्यात पावसाळ्यात गाठ अशी मारावी की एका हिसक्यात सुटेल, आणि विळा खुंटीवर टांगलेला असावा. उंचावरची एक जागा ठरवून तेथे थोडा कडबा आधीच नेऊन ठेवला तर गुरे तेथे थांबतात. नपेक्षा ती सवयीने पुन्हा गोठ्याकडे धाव घेतात. रात्री पाणी गोठ्यात शिरल्यावर काठावरून आत जाऊ नये.

डोंगरकपारीच्या गावांत पाझर तलाव व लहान धरणे यांची आणखी एक काळजी असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात जो प्रलय झाला तो जुन्या पिढीच्या स्मरणात राहिला. अलीकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली. तेथे गळती होत असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधी केलेली होती. मातीच्या बांधातून पाझरणारे पाणी निवळ असेल तर बहुधा काळजी नसते. तेच गढूळ येऊ लागले, म्हणजे बांधातील माती बाहेर येत आहे असे समजावे. सांडवा झुडपांनी किंवा मासेमारीच्या जाळ्यांनी अडला असेल तर तो मोकळा करावा. बांधास नवी भेग किंवा खचलेला भाग दिसल्यास तोंडी सांगून थांबू नये. लेखी अर्ज व छायाचित्र तहसील कचेरीस द्यावे, आणि उत्तर येईपर्यंत पावसाच्या रात्री खालच्या वस्तीने उंचावरच्या घरांत किंवा शाळेत झोपावे.

पाणी ओसरल्यावर

लोंढा गेल्यावरही पहिला दिवस जपून काढावा. फरशीचे कडेचे दगड व भराव तपासल्यावाचून जड वाहन नेऊ नये. गोठ्यात, वैरणीच्या गंजीत व घराच्या आढ्यावर सापविंचू आश्रयास आलेले असतात. काठीने चाळवल्याशिवाय हात घालू नये. पाणी शिरलेल्या विहिरीचा उपसा करून आरोग्य सेवकाच्या सल्ल्याने ब्लीचिंग पावडर टाकावी आणि तोवर पाणी उकळून प्यावे. भातखाचरात काम करणाऱ्यांनी पायाची जखम उघडी ठेवू नये, आणि ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून दवाखाना गाठावा. शेतात साचलेल्या पाण्यास चर काढून वाट द्यावी, मात्र वाफसा येण्यापूर्वी आत शिरून जमीन तुडवू नये.

नुकसानीच्या पंचनाम्यासाठी ग्राम महसूल अधिकारी, ज्यांस गावात अद्याप तलाठीच म्हणतात, येईपर्यंत वाहून गेलेल्या बांधाचे, मेलेल्या जनावराचे व पिकाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. मेलेली जनावरे पंचनामा होताच पाण्याच्या साठ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.

पुराची सर्वांत उंच रेषा काठच्या झाडांवर व भिंतींवर चिखलाने उमटलेली असते. दोन पावसांत ती धुऊन जाते. त्याआधी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ती फरशीच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर आणि काठच्या एखाद्या पक्क्या घरावर तारखेसह रंगवून घ्यावी. त्या दिवशी वरच्या वाडीवरील डब्यात किती मिलिमीटर भरले, ते किती वेळात भरले, आणि वरून फोन आल्यापासून किती मिनिटांनी पाणी फरशीवर चढले, या तीन नोंदी ग्रामपंचायतीच्या वहीत कराव्यात. पुढच्या वर्षी फोन केव्हा करावयाचा आणि बांबू केव्हा टाकावयाचा, हे या वहीवरून ठरवावे.